मेंदूच्या स्कॅनसाठी नाव दिलंय, सही करण्याआधी काय काय विचारू?

अवखळवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला स्मरणशक्तीवरच्या संशोधनासाठी निरोगी माणसं हवी आहेत, वय १८ ते ४५, उजव्या हाताने लिहिणारी. दोनदा एमआरआय, एकदा ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विजेचे सिग्नल टिपतात ते), मध्ये काँप्युटरवर थोड्या चाचण्या. सुई नाही, औषध नाही, नॉन-इन्व्हेजिव्ह आहे असं ठळक अक्षरात छापलंय. येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन. मी उत्साहाच्या भरात नाव देऊन मोकळी झाले. आता त्यांनी संमतीपत्र पाठवलंय आणि ते वाचता वाचता उत्साह जरा खाली बसलाय.

एवढ्या मोठ्या चुंबकात डोकं घातल्यावर मेंदूला काही होत नाही ना? (हा नवऱ्याचा प्रश्न, पण मलाही पडलाय.) बंद जागेत मला घुसमटायला होतं, रिकाम्या लिफ्टमध्ये चालतं, भरलेल्या लिफ्टमध्ये नाही, मग हे जमेल का? आणि मुख्य म्हणजे शेवटच्या पानावर दोन चौकटी आहेत, एक "तपासणीत अनपेक्षित काही आढळल्यास मला कळवावे" आणि दुसरी "कळवू नये". यातल्या एकीवर टिक करायचीय. मला वाटत होतं स्कॅन केला की रिपोर्ट देतातच, मग न कळवण्याचा प्रश्न येतोच कुठे? कोणी गेलंय का अशा अभ्यासाला?

शंकासुर

नका पडू या भानगडीत. रेडिएशन ते रेडिएशन, आज नाही तर वीस वर्षांनी दिसतं. मानधनापायी डोकं कशाला गहाण टाकायचं.

चुंबककाका

शंकासुर, एमआरआयमध्ये ते रेडिएशन नसतंच हो. एक्स-रे, सीटी स्कॅन वेगळं, तिथे आयनीभवन करणारे किरण असतात, पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी द्रव्य सुईने टोचतात. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी, बस्स. मी आयुष्यभर हेच मशीन चालवत आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर माफ करा.

संशोधनाची मशीनं बहुतेक ३ टेस्लाची असतात (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ६०,००० पट. ऐकायला भीतीदायक आहे पण हे स्कॅन दवाखान्यांतून १९८० च्या दशकापासून चालू आहेत, कोट्यवधी लोकांचे झालेत, आणि नियमांत बसणाऱ्या स्कॅनने मेंदूला इजा होते असं काही पुढे आलेलं नाही. थोडी ऊब जाणवते कारण रेडिओलहरींची ऊर्जा अंगात जिरते, त्याला मर्यादा घालून दिलेली असते आणि म्हणूनच सुरुवातीला वजन विचारतात, तिथे वजन कमी सांगायचं नाही बायांनो आणि बाप्यांनो. काही जणांचा दंड किंवा पाठीचा स्नायू मध्येच फुरफुरतो, घाबरायचं नाही, त्रास वाटला तर सांगायचं. ७ टेस्लाच्या मशीनमध्ये आत सरकवताना गरगरतं, तोंडात धातूची चव येते, ते तेवढ्यापुरतं.

खरा धोका मशीनचा नाही, मशीनच्या खोलीत काय नेलं त्याचा आहे. हे चुंबक कधीच बंद नसतं, रात्री खोलीला कुलूप असतं तेव्हाही चालूच. २००१ मध्ये अमेरिकेत एका सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला तो स्कॅनमुळे नाही, खोलीत आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर चुंबकाने ओढून घेतला त्यामुळे. म्हणून ती प्रश्नावली भरताना "एवढ्याने काय होतंय" म्हणून काही गाळायचं नाही. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, हाडातले स्क्रू, तांबी, लहानपणी डोळ्यात गेलेला धातूचा कण, वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम कधी केलंय का, सगळं सांगायचं. डोळ्यातला लोखंडी कण हा सगळ्यात वाईट, तो माणसाला आठवतही नसतो आणि चुंबकाच्या ओढीने हलला तर दृष्टी जाऊ शकते.

आणि हल्लीच्या दोन गोष्टी ज्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. घामाचा वास येऊ नये म्हणून काही जिमच्या कपड्यांत चांदीचे धागे विणलेले असतात, लेबलवर धड लिहिलेलंही नसतं, ते अंगावर राहिले तर चटका बसतो. त्यांचा गाऊन देतात तो घाला, लाजू नका. दुसरी म्हणजे मस्कारा, काजळ आणि चुंबकावर चिकटणाऱ्या खोट्या पापण्या, त्यादिवशी चेहरा कोरा ठेवा. आत झोपल्यावर हाताची बोटं एकमेकांत गुंफायची नाहीत, पायावर पाय टाकायचा नाही, अंगाचा बंद घेर तयार झाला तर त्यातून प्रवाह फिरून कातडी भाजू शकते. आम्ही सांगतो, पण लोक पाचव्या मिनिटाला आपसूक हात जोडून पडतात.

खारूताई

वा काका, वाखू (वाचनखूण) साठवली.

मी अशा एका अभ्यासाला जाऊन आलेय, भाषेवरचा होता. अवखळवारा, तुमच्या लिफ्टच्या भीतीबद्दल सांगते कारण माझीही तीच गत. पहिली गोष्ट म्हणजे त्यांना आधी मेल टाकून विचारा की खोटा स्कॅनर आहे का. बऱ्याच लॅबमध्ये असतो, हुबेहूब तसाच बोगदा पण चुंबक नाही, त्यात झोपवून बघतात, आवाज पण ऐकवतात. मुलांसाठी ठेवलेला असतो पण मोठ्यांनी मागितला तर कोणी नाही म्हणत नाही.

खऱ्या मशीनचा बोगदा ६०-७० सेंटीमीटर रुंद असतो. खांदे जवळजवळ टेकतात. पण डोक्यावर जो पिंजरा बसवतात त्याला वर आरसा असतो आणि त्यातून पायाकडचा स्क्रीन दिसतो, त्यामुळे डोळ्यांना वाटतं समोर लांबपर्यंत जागा आहे. मला तर त्या आरशानेच तारलं. युक्ती एकच, डोळे मिटून आत जायचं आणि आरसा नीट लागलाय असं त्यांनी सांगितलं की मग उघडायचे. हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की ते ताबडतोब थांबवतात, मी सुरुवातीलाच एकदा दाबून बघितला खरंच येतात का ते. आले. मग निवांत.

आवाजाचं मात्र सांगून समजत नाही. टकटक, घर्रघर्र, मध्येच एकसुरी बोंब, कानात बोळे आणि वरून हेडफोन तरी ऐकू येतोच. आणि नाकाला खाज. आयुष्यात कधी आली नसेल अशी खाज तेव्हाच येते. हलायचं नाही म्हणजे नाहीच, मान सोडा, गिळताना सुद्धा हनुवटी वर जाते म्हणून दोन भागांच्या मध्ये गिळून घ्यायचं.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू, शब्द ओळखणं बिळखणं नाही, तर "आता काही करू नका, फक्त समोरच्या क्रॉसकडे बघत पडा" हे. मला झोप लागली. बाहेर आल्यावर त्या मुलीने विचारलं, मी खरं सांगितलं, ती म्हणाली सांगितलंत ते बरं झालं, कारण झोपेतला मेंदू आणि जागा मेंदू एकत्र मिसळला तर आमचं गणित चुकतं.

टवाळ

"काही करू नका, नुसते पडून राहा" याचे पैसे देतात? मी इतकी वर्षं फुकट करत आलो. हहपुवा.

डावखुरी

माझा निषेध नोंदवून घ्या. दरवेळी जाहिरात वाचायची आणि दरवेळी "उजव्या हाताने लिहिणारे" इथे येऊन अडायचं. आमचा मेंदू काय मेंदू नाही का.

पीएचडीग्रस्त

डावखुरीताई, निषेध रास्त आहे. उजव्या हाताच्या बहुतेक सगळ्यांचं भाषेचं काम डाव्या अर्ध्या मेंदूत चालतं, डावखुऱ्यांमध्येही बहुतेकांचं तिथेच असतं, पण काहींचं उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेलं. २०-२५ जणांची सरासरी काढायची तर अशी दोन माणसं आली तरी चित्र पसरट होतं, म्हणून सोपा रस्ता म्हणजे डावखुऱ्यांना वगळा. पण जगात दहातला एक जण डावखुरा आहे आणि त्याला वगळून "माणसाचा मेंदू असा चालतो" म्हणायचं हे आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनाही खटकतं. खास डावखुऱ्यांसाठीचे अभ्यास असतात, लक्ष ठेवा.

(हो, मी याच धंद्यात आहे, लोकांना बोगद्यात घालून शब्द दाखवण्याच्या.)

रानपाखरू

माझा जरा बावळट प्रश्न. आत पडल्या पडल्या आपल्या मनात भलतंसलतं आलं तर त्यांना दिसतं का? म्हणजे बॉसबद्दल वगैरे.

पीएचडीग्रस्त

अजिबात बावळट नाही, अर्ध्या लोकांच्या मनात असतो आणि विचारत नाहीत.

एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना काढतात तो एमआरआय, विचार मोजत नाही, रक्त मोजतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनसकट असतं तेव्हा चुंबकाला एक प्रतिसाद देतं आणि ऑक्सिजन सोडून दिल्यावर वेगळा, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्याचा मेंदूचं काम बघायला उपयोग होईल हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर दाखवलं आणि दोनेक वर्षांत माणसांवर सुरू झालं. आता हे रक्त पोचायला वेळ लागतो, तुम्ही शब्द वाचल्यावर सिग्नल शिखरावर जातो तो पाचसहा सेकंदांनी. आणि आम्ही जे ठिपके बघतो ते दोनतीन मिलिमीटरचे, एका ठिपक्यात लाखो पेशी. कुठल्या खोलीत वीज जास्त जळतेय हे मीटरवरून कळतं, खोलीत बोलणं काय चाललंय ते नाही.

पण अगदीच काही कळत नाही असं म्हणणंही आता बरोबर नाही. २०२३ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या लोकांनी माणसं ऐकत असलेल्या गोष्टींचा ढोबळ आशय स्कॅनवरून शब्दांत उतरवून दाखवला. त्यासाठी एकेका माणसाला १६ तास स्कॅनरमध्ये गोष्टी ऐकवाव्या लागल्या, एकाचं मॉडेल दुसऱ्यावर चाललं नाही, आणि माणसाने मुद्दाम मनात दुसरंच काही, आकडे मोजणं वगैरे, सुरू केलं की सगळं फिसकटलं. तेव्हा रानपाखरू, तुमच्या तासाभरात तुमचा बॉस सुरक्षित आहे.

अवांतर: आमच्या क्षेत्राला जमिनीवर ठेवणारा एक किस्सा. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि "या माणसाच्या मनात काय भावना असेल" असं विचारलं. नेहमीचं ढिलं गणित लावल्यावर माशाच्या मेंदूत ठिपके पेटलेले दिसले. हजारो ठिपके एकदम तपासले की काही निव्वळ योगायोगाने पेटतातच, त्यासाठी गणित कडक करायला लागतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. २०१२ चं इग नोबेल (हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस) मिळालं त्याला.

टवाळ

माशाने संमतीपत्रावर सही केली होती का?

नसतीउठाठेव

मूळ प्रश्नाकडे कोणी येणार का? चौकटीचं काय? मला तर वाटतं यात विचार करण्यासारखं काही नाहीच, फुकटात मेंदूचा एमआरआय होतोय, "कळवावे" वर टिक करायची आणि सगळं ठीक आहे ना ते बघून घ्यायचं. बाहेर याचे केवढे पैसे पडतात.

निदानपटू

नसतीउठाठेव, मुद्दाम लॉगिन केलं तुमच्यासाठी. रोज हेच फोटो वाचायचं काम करतो.

संशोधनाचा स्कॅन म्हणजे तपासणी नव्हे. दवाखान्यात डोकं दुखतंय म्हणून स्कॅन होतो तेव्हा त्या शंकेनुसार वेगवेगळ्या पद्धतीच्या फोटोंच्या मालिका घेतात, गरज पडली तर शिरेतून रंगद्रव्य देतात, आणि माझ्यासारखा कोणीतरी तो एकेक काप बघून लिहून सही करतो. संशोधनात रचनेचा एक चांगला फोटो काढतात, बाकी वेळ एफएमआरआयचे भुरकट फोटो, आणि ते बघणारा पीएचडीचा विद्यार्थी (ग्रस्तसाहेब, राग नको). त्याला कपाटातली फाइल कुठे आहे माहीत असेल, मेंदूतला फुगलेला रक्तवाहिनीचा तुकडा ओळखता येईलच असं नाही. त्यामुळे "त्यांनी काही सांगितलं नाही म्हणजे माझा मेंदू ठणठणीत" हा निष्कर्ष काढू नका. हा गैरसमज फार लोकांना होतो आणि पुढे डोकं दुखायला लागल्यावर "माझा तर झालाय स्कॅन" म्हणून अंगावर काढतात.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९,५०० हून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र करून केलेला आढावा आला होता, कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचे. त्यात २.७ टक्के लोकांच्या मेंदूत काहीतरी अनपेक्षित निघालं, म्हणजे दर ३७ माणसांमागे एक. गाठी, फुगलेल्या रक्तवाहिन्या, जन्मापासूनच्या पाण्याच्या पिशव्या असं. वय वाढतं तसं गाठींचं प्रमाण वाढतं. यातल्या बऱ्याच गोष्टींना आयुष्यभर हातही लावायला लागत नाही. पण एकदा कळलं की कळलं.

पीएचडीग्रस्त

राग नाही, फाइलचं खरं आहे.

निर्मोही

मला अनुभव आहे म्हणून लिहितो. नाव-गाव सांगत नाही. मी अशाच एका अभ्यासाला गेलो होतो, "कळवावे" वर टिक केली होती, कारण कोण नाही म्हणेल. काही दिवसांनी फोन आला की एका ठिकाणी काहीतरी दिसतंय, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. काय दिसतंय विचारलं तर म्हणे आम्ही सांगू शकत नाही, आम्ही डॉक्टर नाही. आणि फोन शुक्रवारी संध्याकाळी. ते दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. मग स्वतःच्या खर्चाने पुन्हा स्कॅन, मग सहा महिन्यांनी पुन्हा, शेवटी निघाली जन्मजात पाण्याची पिशवी, माझ्याएवढ्याच वयाची, तिने मला काही केलं नव्हतं आणि करणारही नाही. पण विम्याच्या फॉर्मवर "मेंदूसंबंधी कधी निदान झाले आहे का" याच्यापुढे आता मला "हो" लिहावं लागतं. परत गेलो तर "कळवू नये".

खारूताई

निर्मोही, वाचूनच पोटात गोळा आला. पण तुमचा राग चौकटीवर आहे की फोनवर? मला तर वाटतं ज्यांनी फोन केला त्यांना फोन कसा करायचा ते शिकवलं नव्हतं.

शंकासुर

मी पहिल्यांदाच म्हणालो होतो.

चुंबककाका

शंकासुर, तुम्ही रेडिएशन म्हणाला होतात.

सावळीविहिर

निर्मोहींच्या उलट. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला अशाच स्कॅनमध्ये रक्तवाहिनीचा फुगा सापडला, मोठा होता, डॉक्टरांनी उपचार करायचा सल्ला दिला, केला, आज ठीक आहेत. त्यांच्या घरी जाऊन "कळवू नये" वर टिक करा असं सांगून बघा. एकेकाच्या अनुभवावरून ठरवायचं तर दोन्हीकडून सारखंच जोरात बोलता येतं, म्हणून निदानपटूंनी आकडे दिले ते बरं झालं.

निदानपटू

सावळीविहिर, आकड्यांचंच पुढे सांगतो कारण या वादात ते नेमके उपयोगी आहेत.

यूके बायोबँक नावाचा ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याची माहिती गोळा करणारा प्रचंड प्रकल्प आहे, त्यांनी १ लाख लोकांचे स्कॅन २०२५ मध्ये पूर्ण केले. सुरुवातीला त्यांनाही हाच प्रश्न होता, प्रत्येक फोटो रेडिओलॉजिस्टला (स्कॅनचे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला) दाखवायचा का? म्हणून पहिल्या १००० लोकांवर दोन पद्धती तपासल्या. (मेंदूच नाही, हृदय आणि पोटाचे स्कॅनपण होते त्यात.) सगळे फोटो रेडिओलॉजिस्टने वाचले तेव्हा १७९ लोकांत गंभीर असू शकेल असं काहीतरी सापडलं. नुसतं स्कॅन काढणाऱ्याच्या नजरेला खटकलं तरच पुढे पाठवायचं असं केलं तेव्हा १८. आता वाटेल की बघा, वाचले म्हणून इतके सापडले. पण पाठपुरावा केल्यावर त्या १७९ पैकी खरंच गंभीर निघाले २१. बाकी सगळे निर्मोहींच्या रांगेतले. आणि १८ पैकी गंभीर निघाले ५. म्हणजे जास्त बघितलं तर जास्त खरे रुग्ण सापडतात हेही खरं, आणि त्याच्या सातपट लोक विनाकारण हेलपाटे घालतात हेही खरं. त्यांनी शेवटी दुसरी पद्धत ठेवली, आणि सहभागी होतानाच स्पष्ट सांगतात की ही आरोग्य तपासणी नाही, रिपोर्ट मिळणार नाही.

तेव्हा अवखळवारा, टिक कुठे करायची त्याच्या आधी हे विचारा की फोटो बघतं कोण. रेडिओलॉजिस्ट सगळे बघतो की कोणाला खटकलं तरच? खटकलं तर किती दिवसांत कळवणार, कोण कळवणार, तुम्हाला की तुमच्या डॉक्टरांना? पुढच्या तपासण्यांची सोय ते लावून देतात की "तुमचं तुम्ही बघा"? आणि "कळवू नये" टिक केलं आणि काही जिवावरचं दिसलं तर काय, कारण काही ठिकाणी एथिक्स कमिटी हा पर्याय देतच नाही, तातडीचं असेल तर सांगणारच असं आधीच लिहिलेलं असतं. या उत्तरांवर चौकट ठरेल. जिथे कोणीच जाणकार बघत नाही तिथे "कळवावे" वर टिक करून काही उपयोग नाही, आणि जिथे व्यवस्था नीट आहे तिथे ती मागायला हरकत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी "कळवावे" करेन. पण मला उद्या फोन आला तर मी तो फोटो स्वतः उघडून बघू शकतो, हा फरक आहेच.

नसतीउठाठेव

हे माहीत नव्हतं. फुकटची तपासणी हे शब्द मागे.

कुंपणावरची

डेटाबद्दल कोणीच बोललं नाही. संमतीपत्रात "डेटा निनावी करून इतर संशोधकांना खुला केला जाईल" असं वाक्य असेल, ते वाचा. नाव काढलं म्हणजे निनावी झालं असं नसतं, कारण डोक्याच्या एमआरआयमध्ये तुमचा अख्खा चेहरा असतो, नाक, कान, हनुवटी सकट. २०१९ मध्ये एका संशोधनात ८४ लोकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि साधं चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर त्यांच्या फोटोंशी जुळवलं, ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून नीट लॅब असतात त्या फाइल बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसतात. तुमची लॅब पुसते का विचारा.

दुसरं, कधीही बाहेर पडण्याचा हक्क असतो, कारण न देता, स्कॅनच्या मध्यातसुद्धा. पण डेटा एकदा खुला झाला, दहा ठिकाणी डाउनलोड झाला, की तो परत बोलावता येत नाही. कुठल्या तारखेपर्यंत माघार घेतली तर डेटा पुसतात ते फॉर्ममध्ये असायला हवं. नसेल तर लिहून घ्या.

पीएचडीग्रस्त

+१. आणि डेटा खुला करणं वाईट नाही, फक्त नीट करावं. २०२२ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या एका कामाने दाखवलं की मेंदूची रचना आणि स्वभाव-बुद्धी यांचा संबंध शोधायचा तर हजारो माणसं लागतात, २०-२५ ची टोळी पुरत नाही. एका लॅबला हजारो परवडत नाहीत, म्हणून सगळ्यांनी एकत्र करायचं. तुमचा एक तास त्यामुळे दहा अभ्यासांत वापरला जातो.

ईईजीबद्दल पण सांगतो, त्यात धोका शून्य आणि वैताग भरपूर. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावरून हे सिग्नल टिपले तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, कातडीवर इलेक्ट्रोड लावायचे आणि मिलिव्होल्टच्याही कितीतरी पट बारीक फरक मोजायचा. एवढा बारीक की डोळ्यांची उघडझाप केली तरी मेंदूपेक्षा मोठी लाट येते. म्हणून आदल्या रात्री केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर, तेल, जेल काही नको, आणि पूर्ण वाळवून या. टोपीतल्या प्रत्येक भोकात जेल भरतात, घरी जाताना केस चिकट होणारच, टोपी किंवा रुमाल बरोबर ठेवा. दाट कुरळ्या केसांना इलेक्ट्रोड कातडीपर्यंत पोचत नाहीत आणि काही लॅब सरळ अशा लोकांना घेतच नाहीत, हा आमच्या क्षेत्राला लागलेला डाग आहे, केस असे असतील तर आधी विचारा की तुमच्याकडे त्याची सोय आहे का, नुसतं हेलपाटा मारू नका.

अवखळवारा

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, निर्मोही तुमचे विशेष, लिहिणं सोपं नसणार.

मी काल त्या समन्वयक बाईंना फोन लावला आणि तुमचेच प्रश्न वाचून दाखवले. त्या आधी जरा गडबडल्या, मग म्हणाल्या विचारून सांगते, आणि दोन तासांत खरंच परत फोन आला. फोटो सगळे रेडिओलॉजिस्ट बघत नाही, स्कॅन काढणाऱ्याला खटकलं तर पाठवतात. मग रेडिओलॉजिस्टला वाटलं तर विद्यापीठाचे डॉक्टर स्वतः बोलतात, विद्यार्थी नाही. पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतात, खर्च नाही देत. चेहरा पुसतात. माघार घ्यायची मुदत शेवटच्या स्कॅननंतर एक महिना, फॉर्ममध्ये नव्हतं, आता टाकणार आहेत म्हणे. खोटा स्कॅनर आहे, आधी अर्धा तास या म्हणाल्या.

तर मी "कळवावे" वर टिक केली आणि शेजारी पेनाने लिहिलं की डॉक्टरांनीच कळवावे आणि शुक्रवारी संध्याकाळी नको. बाई हसल्या पण खाली त्यांनी सही केली.

एक राहिलंच. माझ्या खालच्या दातांच्या मागे दातांच्या डॉक्टरांनी चिकटवलेली पातळ तार आहे, दात परत वाकडे होऊ नयेत म्हणून. प्रश्नावलीत "ब्रेसेस" आहे, हे त्यात येतं का? आणि मेंदूचा फोटो मिळतो का घरी न्यायला, मुलगा मागे लागलाय.

चुंबककाका

तार म्हणजे ब्रेसेसच धरा आणि लिहा. बहुतेक वेळा धोका नसतो, पण तार कुठल्या धातूची आहे त्यावर फोटो किती बिघडेल ते ठरतं, चुंबकाला लागणारी असेल तर तोंडाभोवती काळा खड्डा पडतो आणि तो कपाळामागच्या भागापर्यंत पसरला तर तुमचा डेटा त्यांच्या कामाचा राहत नाही. दातांच्या डॉक्टरांना फोन करून धातू विचारा आणि समन्वयक बाईंना आजच कळवा, नाहीतर गाऊन घालून बसल्यावर परत पाठवतील. अंगठी, कानातलं घरीच ठेवा. आत जाण्याआधी बाथरूमला जाऊन या, हे कोणी सांगत नाही आणि अर्धे स्कॅन त्यामुळेच मध्ये थांबतात.

पीएचडीग्रस्त

फोटो मागा, बहुतेक लॅब आनंदाने देतात, रचनेचा तो छान करड्या रंगातला. फक्त मधला काप मागा. पूर्ण फाइल दिली तर ती नाकाडोळ्यांसकट असते, मुलाला म्हणावं ती कुठे टाकू नकोस.

टवाळ

फोटो आला की इथे टाका, आमच्या शंकासुरांना मेंदू कसा दिसतो ते बघायचंय.

शंकासुर

🙄 तांब्याचं कडं घालून जाता येतं का तेवढं सांगा, भाच्याने माझंही नाव दिलंय.

चुंबककाका

कडं घरी. आणि वजन खरं सांगा.